स्पिलव्हिलमधले सोळा दिवस

५ जून १८९३. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं कॅल्मार स्टेशन. न्यूयॉर्कहून शिकागोमार्गे आलेलं एक मोठं बिऱ्हाड इथे उतरतंय आणि तुम्ही फलाटावर, त्यांच्यापासून चार हातांवर उभे आहात. आधी पोरं उतरतात, एकामागून एक, सहा. मग त्यांची आई आना, मग मावशी, मग कामाला ठेवलेली बाई. विशीतला एक तरुण ट्रंका मोजून खाली घेतोय. सगळ्यांत शेवटी उतरतो तो दाढीवाला, रुंद बांध्याचा गृहस्थ. वय एक्कावन्न. उतरल्या उतरल्या त्याची नजर सामानाकडे जात नाही, इंजिनाकडे जाते. हा आंतोनिन द्वोर्झाक. आगगाडीचं त्याला जुनं वेड आहे. न्यूयॉर्कमध्येसुद्धा नुसत्या गाड्या बघायला तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जात असे.

बोहेमियातल्या नेलाहोझेव्हेस नावाच्या खेड्यातल्या खाटकाचा हा मुलगा आज युरोपभर नावाजलेला आहे. गेल्या सप्टेंबरपासून तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक आहे, पगार वर्षाला १५,००० डॉलर. दोन आठवड्यांपूर्वी, २४ मे रोजी, त्याने एक सिम्फनी पुरी केली. तिला पुढे सगळं जग ‘न्यू वर्ल्ड’ म्हणून ओळखणार आहे. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर त्याने देवाचे आभार मानले आणि तिथेच आणखी एक नोंद केली: मुलांची बोट साउदम्प्टनला पोचल्याची तार आली. सहांपैकी चार मुलं मागे बोहेमियात राहिली होती. उन्हाळ्यात आपणच घरी जाऊन यावं असा त्याचा आधी बेत होता. पण ट्रंका मोजणारा तो तरुण, योसेफ कोवार्झिक, न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच घरी राहतो, त्याची पत्रं आणि कामं बघतो. त्याने आपल्या गावाचं इतकं वर्णन केलं, की द्वोर्झाकने घरी जाण्याऐवजी घरच इकडे बोलावून घेतलं. सहाही मुलं आता एका फलाटावर आहेत आणि बाप त्यांच्याकडे वळूनवळून बघतोय. पुढच्या तीन आठवड्यांत जे होणार आहे त्याचं मूळ मला इथेच दिसतं, म्हणून हा फलाट नीट बघून घ्या.

गावचे पाद्री फादर बीली आणि योसेफचे वडील न्यायला आलेत. घोडागाड्या धुरळा उडवत निघतात. दोन्ही बाजूंना शेतं. मका अजून कोवळा, जमिनीलगत. मध्येच गवताळ माळ, मग पुन्हा शेत, आणि घर दिसलं तर फार लांबून दिसणारं एखादं. इथे माणसं थोडी आणि मोकळी जागा अफाट. एका शेतकऱ्यापासून दुसरा शेतकरी कित्येक मैलांवर राहतो, हे द्वोर्झाक नंतर पत्रात लिहील, आणि या मोकळेपणाने कधीकधी जीव उदास होतो हेही लिहील. आज मात्र तो आनंदात आहे. कारण गाव जवळ येतं तसं तुमच्या लक्षात येतं की रस्त्यावरचे लोक इंग्रजी बोलतच नाहीत. दुकानापुढची बाई, लोहार, शाळकरी पोरं, सगळे चेक बोलतायत. चाळीसेक वर्षांपूर्वी पीसेक, ताबोर, बुद्येयोवित्से या भागांतले गरिबांतले गरीब लोक इथे आले, त्यांनी जंगल तोडलं, जमीन कसली आणि आपल्या भाषेसकट वस्ती केली. परमुलखात अचानक आपली भाषा कानावर पडली की खांदे आपोआप खाली येतात. द्वोर्झाकचे खांदे आता तसे खाली आलेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठा, कारण तो उठतोय. चारच्या सुमाराला बाहेर पडायचं आणि नदीकाठाने भटकायचं, हा इथला त्याचा नेम होणार आहे. नदीचं नाव टर्की. फार मोठी नाही, झाडांमधून वळणं घेत जाणारी. दवाने तुमचे बूट भिजतात. तो थांबतो, मान वर करतो, पुन्हा चालतो. परतताना योसेफची आई त्याला बघते आणि घाबरते. इतक्या पहाटे पाहुणा बाहेर का, काही झालं का, असं विचारते. तो सांगतो की काही झालं नाही, तरी फार मोठं काही झालंय: आठ महिन्यांनी आज पहिल्यांदा पाखरांचं गाणं ऐकलं. इथली पाखरं आपल्याकडच्यांपेक्षा निराळी आहेत, रंगाने भडक आणि आवाजानेही वेगळी, हेही त्याने लगेच टिपलंय.

सकाळच्या मिस्साला तो चर्चमध्ये जातो. संत वेन्सेस्लासचं हे चर्च टेकडावर आहे. आत म्हाताऱ्या बायका आणि म्हातारे शेतकरी बाकांवर बसलेत. कुणाला न सांगता तो वर ऑर्गनपाशी जातो, बसतो, आणि बोहेमियातल्या खेड्यापाड्यांत गायलं जाणारं एक जुनं भक्तिगीत सुरू करतो. आधी कुणालाच काही कळत नाही. मग मागच्या बाकावरून एक आवाज उठतो, शेजारून दुसरा, आणि थोड्याच वेळात सगळं चर्च गाऊ लागतं. मिस्सा संपल्यावर हे म्हातारे बाहेर त्याच्याभोवती जमतात. पहिली वर्षं कशी काढली, कुणाची पोरं वाटेत दगावली, रेल्वेच्या कामावर किती हाल झाले, हे सगळं सांगतात. युरोपातला नामवंत संगीतकार त्यांच्यासमोर उभा राहून ऐकत राहतो. त्याला या गप्पा मनापासून आवडतात. पुढे सबंध उन्हाळा तो या म्हाताऱ्यांच्या संगतीला पुनःपुन्हा येणार आहे.

आणि मग ८ जून. गावात येऊन तीन दिवस झालेत.

मुख्य रस्त्यावरचं दुमजली घर. त्याच्या टेबलापाशी जरा मागे उभे राहा. समोर आडवे, पाच रेघांच्या ओळी आखलेले कागद. तो लिहितोय तो अजून आराखडा आहे: मुख्य सूर आणि त्याखाली काय हालचाल होईल याची खूण, बाकी मोकळं. पण हात थांबत नाही. गेली बारा वर्षं त्याने एकही स्ट्रिंग क्वार्टेट लिहिलेलं नाही. शेवटचं १८८१ चं. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो, या चारच वाद्यांची ही रचना म्हणजे युरोपीय संगीतातली कसोटी. इथे झाकायला ऑर्केस्ट्रा नसतो, प्रत्येक स्वर उघडा पडतो. हायडन, मोझार्ट, बीथोवन, शूबर्ट यांच्यानंतर लिहायला बसणाऱ्या माणसाचा हात इथे जड होतो, आणि एरवी द्वोर्झाकचाही होत असे. सुरुवात करायची, खोडायची, पुन्हा करायची, हे त्याने तरुणपणी पुष्कळ भोगलंय. या टेबलावर ते घडत नाही. १० जूनला चारही भागांचा आराखडा पुरा होतो. शेवटी तो देवाचे आभार लिहितो, आपण समाधानी आहोत असं लिहितो, आणि काम भराभर झालं हेही लिहितो. १२ तारखेपासून तो पक्की प्रत करायला घेतो आणि २३ जूनला ती संपवतो. ८ ते २३, सोळा दिवस.

हे कसं जमलं याचं उत्तर त्याने स्वतः नंतर पत्रातून दिलंय. एकदा तरी काहीतरी अगदी सुरेल आणि सरळ लिहावं असं त्याच्या मनात होतं, आणि लिहिताना सारखा हायडनबाबा डोळ्यांसमोर येत होता, म्हणून सगळं इतकं साधं झालं, आणि तसं झालं ते बरंच झालं. मोठ्या कलावंताला साधेपणा मागून मिळत नाही. तो मिळायला पहाट लागते, ओळखीची भाषा लागते, शेजारच्या खोलीत सहा पोरांचा गलका लागतो.

कागदाच्या अगदी जवळ या. पहिल्या ओळी वाचू. दोन्ही व्हायोलिनं हलक्या थरथरत्या आवाजात सुरू होतात. चेलो खाली एकच स्वर धरून बसतो, आपल्या तंबोऱ्याचा षड्ज असावा तसा, आणि पहिले दोन बार, म्हणजे तालाचे पहिले दोन कप्पे, एवढंच. तिसऱ्या बारला मुख्य सूर येतो, आणि तो येतो व्हिओलावर.

व्हिओलाबद्दल थोडं सांगायलाच हवं. दिसायला व्हायोलिनच, पण अंगाने जरा मोठा, आवाजाने खालच्या पट्टीचा, किंचित घोगरा. क्वार्टेटमध्ये तो बहुतेक वेळा मधल्या जागा भरतो. पंगतीत वाढणाऱ्याचं असतं तसं त्याचं असतं: सगळ्यांची पानं भरलेली ठेवायची आणि स्वतः शेवटी बसायचं. द्वोर्झाकने तरुणपणी तब्बल नऊ वर्षं, १८६२ ते १८७१, प्रागच्या नाटकघराच्या ऑर्केस्ट्रात हेच वाद्य वाजवून पोट भरलं. पुढे १८७८ मध्ये स्मेतानाचं ‘माझ्या आयुष्यातून’ हे क्वार्टेट प्रागमधल्या एका घरी पहिल्यांदा वाजलं तेव्हाही व्हिओला त्याच्याच हातात होता. ते क्वार्टेटही व्हिओलाच्या सुरानेच उघडतं. पंधरा वर्षांनी, समुद्रापलीकडे, आपलं क्वार्टेट सुरू करताना त्याने पहिला शब्द आपल्या जुन्या वाद्याला दिला. स्मेतानाचा व्हिओला दुखावलेला, आक्रंदणारा आहे. द्वोर्झाकचा व्हिओला सकाळी दार उघडून अंगणात येतो.

तो सूर ऐकताना तुम्ही दचकाल, कारण तो तुम्हाला ओळखीचा वाटेल. एफ मेजरमधला हा सूर जवळजवळ पाचच स्वरांवर उभा आहे. एफला सा मानलं तर सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूपाचे स्वर. अर्थात हा भूप नाही. रागाची चाल, गांधार-धैवतांचं वजन, स्वरांवरचं रेंगाळणं यातलं इथे काही नाही, आणि खाली सुसंवादी स्वरांचा थर सतत बदलतो. तरीही मध्यम आणि निषाद बाजूला ठेवले की सुरात जो मोकळा उजेड येतो, तो आपल्या कानाला कुणी समजावून द्यावा लागत नाही. मराठी श्रोत्याला या क्वार्टेटमध्ये शिरायला हे दार सगळ्यांत सोपं आहे.

याच पाच स्वरांवरून गेली सव्वाशे वर्षं भांडण चाललंय. १८९३ मध्येच, २१ मे रोजी, ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये द्वोर्झाकचं मत छापून आलं होतं, की अमेरिकेचं भावी संगीत कृष्णवर्णीय लोकांच्या गाण्यांवर उभं राहायला हवं. गुलामगिरीतून जन्मलेली ती गाणी त्याने प्रत्यक्ष ऐकली होती. कॉन्झर्व्हेटरीतला तरुण कृष्णवर्णीय गायक हॅरी बर्ली त्याच्या घरी येऊन ती गात असे. १८९३ च्या अमेरिकेत हे म्हणणं धाडसाचं होतं आणि अनेक मान्यवरांना ते आवडलं नाही. मग हे पाच स्वर त्या गाण्यांमधून आले का? की मूळ अमेरिकन जमातींकडून? की ते बोहेमियातलेच? पाच स्वरांचे सूर चेक, स्कॉटिश, चिनी, आपले, सगळ्यांकडे आहेत, आणि द्वोर्झाकच्या अमेरिकेपूर्वीच्या रचनांतही ते डोकावतात. मला विचाराल तर बर्लीचा आवाज त्याच्या कानात होता यात शंका नाही, पण तो आवाज त्याला इतका जवळचा वाटला तो त्याच्या स्वतःच्या गावाकडच्या गाण्यांमुळे. हे क्वार्टेट आज ‘अमेरिकन’ म्हणून ओळखलं जातं. आधी कित्येक वर्षं ते कृष्णवर्णीयांसाठीच्या एका हिणकस शब्दाने ओळखलं जाई. तो शब्द गेला हे चांगलं झालं, पण ज्यांच्या गाण्यांनी द्वोर्झाकचे कान उघडले त्यांची आठवण त्याबरोबर जाऊ नये.

आता पुन्हा नदीकाठी चला, तो वहीत काही टिपतोय. झाडाच्या शेंड्यावर कुठेतरी एक पाखरू त्याला सळो की पळो करून सोडतंय. उंच, तुटक, तेच ते. द्वोर्झाकने ते पाखरू लाल, फक्त पंख काळे असं सांगितलं, आणि त्यावरून लोकांनी ते स्कार्लेट टॅनेजर ठरवलं. अलीकडे पक्ष्यांचे आवाज जाणणाऱ्यांनी म्हटलंय की टिपलेला सूर दुसऱ्याच पाखराचा, रेड-आइड व्हिरिओ नावाच्या छोट्या हिरवट पक्ष्याचा वाटतो. तो पानांत लपून गातो, म्हणून डोळ्यांना दिसला एक आणि कानावर पडला दुसरा, असं झालं असेल. मला यात नवल वाटत नाही. आवाजाच्या दिशेने मान वर केली की जे रंगीत असतं तेच आधी दिसतं. काही असो, ते पाखरू तिसऱ्या भागात जाऊन बसलं. पहिलं व्हायोलिन एकदम वर, तारेच्या पार टोकाला जातं आणि तो सूर जसाच्या तसा टाकतं.

पक्की प्रत झाली. ती वाजवून बघायची आहे आणि इथे ना हॉल, ना नावाजलेले वादक. पण कोवार्झिकांचं घर आहे. योसेफचे वडील यान गावातले शिक्षक आणि चर्चचे ऑर्गनवादक. ते दुसरं व्हायोलिन घेतात. योसेफ चेलो घेतो. त्याची बहीण सेसिलिया व्हिओला घेते. पहिलं व्हायोलिन स्वतः द्वोर्झाक. तुम्ही सेसिलियाच्या डाव्या हाताला बसा, पानं उलटायला. तिथून तुम्हाला गजाचे केस आणि तारेवरचा राळेचा पांढुरका थर दिसेल इतकं जवळ.

विचार करा. नऊ वर्षं व्हिओला वाजवलेला माणूस समोर बसलाय, आणि त्याने लिहिलेला पहिला सूर त्याच्याच वाद्यावर वाजवायचाय खेड्यातल्या शिक्षकाच्या मुलीला. शाई वाळून फार दिवस झालेले नाहीत. हा सूर याआधी कुणीच वाजवलेला नाही. व्हायोलिनं थरथरायला लागतात, चेलो षड्ज धरतो, एक बार, दोन बार, आणि सेसिलियाचा गज तारेवर पडतो. सूर झाला की द्वोर्झाक तो वरच्या सप्तकात उचलतो. रचनाकार वादकाच्या मागोमाग जातो. मैफलीत असं कधी बघायला मिळत नाही.

दुसरा भाग, लेंटो, म्हणजे संथ लयीचा. एवढ्या आनंदी रचनेच्या मध्यभागी हा डी मायनरमधला दुखरा भाग आहे आणि माझ्या मते हाच या क्वार्टेटचा जीव आहे. दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला खाली एकसारखी हलती लय धरतात, न थांबता, आणि त्यावर पहिलं व्हायोलिन एक लांबच लांब गाणं गातं. मग तेच गाणं चेलो घेतो. सेसिलियाचा उजवा हात बघा. ही लय थकवणारी आहे, जराही दाबली तर गाणं बुडतं आणि सोडली तर गाणं निराधार होतं. इथे त्या माळरानाची उदासी आहे, म्हाताऱ्यांच्या दगावलेल्या पोरांच्या कथा आहेत, बर्लीच्या गाण्यातली आर्तता आहे. कोणतं किती हे कुणी सांगू शकणार नाही. शेवटी चेलो एकटा ते गाणं पुन्हा म्हणतो आणि बाकीचे तिघे कधी गजाने, कधी बोटाने तार छेडत त्याच्या पावलाखाली जमीन धरतात.

तिसऱ्या भागात पाखरू येतं. द्वोर्झाकला स्वतःलाच ते वर जाऊन वाजवावं लागतं.

चौथा भाग धावतो. दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला एक तुटक ठेका धरतात, त्यावर सूर उड्या मारत जातो. यात पुष्कळांना आगगाडी ऐकू येते, आणि कॅल्मारच्या फलाटावर त्याची नजर बघितलेल्या तुम्हाला हे पटायला हरकत नाही. पण मध्येच सगळं थांबतं. चारी वाद्यं अगदी हळू, एकत्र, भक्तिगीताच्या चालीने सरकू लागतात. संत वेन्सेस्लासचा ऑर्गन. तुम्ही ते चर्च बघितलंय, मागच्या बाकावरचा तो पहिला आवाज ऐकलाय, म्हणून हा भाग तुम्हाला कुणी समजावायला नको. मग ठेका परत येतो आणि रचना आनंदाने धावत संपते. साधारण पंचवीस मिनिटं.

द्वोर्झाक थांबत नाही. तीनच दिवसांनी, २६ जूनला, तो नवीन कागद घेतो आणि क्विंटेट सुरू करतो. तीच चार वाद्यं आणि भर म्हणून आणखी एक व्हिओला. १ ऑगस्टला तेही पूर्ण. दरम्यान गावात किकापू मेडिसिन कंपनीची मंडळी आलीत. जडीबुटीची औषधं विकायची आणि गिऱ्हाइक जमवायला मूळ अमेरिकन लोकांची गाणी आणि नाच दाखवायचे, असा त्यांचा धंदा. द्वोर्झाक त्यांचे खेळ बघायला जातो, ढोलाचा ठेका कान देऊन ऐकतो. क्विंटेटचा दुसरा भाग उघडतो तो दुसऱ्या व्हिओलाने एकाच स्वरावर धरलेल्या ठेक्याने. पहिला भागही त्याच व्हिओलाच्या एकट्या सुराने सुरू होतो. उन्हाळाभर हा माणूस आपल्या जुन्या वाद्याला पुढे बसवत होता. क्विंटेट अधिक भरीव आहे, त्यातला तिसरा भाग तर अप्रतिम. त्या भागाच्या मुख्य सुराचा उत्तरार्ध अमेरिकेच्या राष्ट्रगीतासाठी वापरावा असं त्याच्या मनात आलं होतं. तरी ते क्वार्टेटइतकं वाजत नाही, हा अन्याय आहे.

पुढचं पटकन बघून टाका. १२ ऑगस्टला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘बोहेमियन दिन’, द्वोर्झाक ऑर्केस्ट्रापुढे उभा. सप्टेंबरमध्ये स्पिलव्हिलचा निरोप. १ जानेवारी १८९४ रोजी बॉस्टनमध्ये क्नाइझेल क्वार्टेटने ही रचना पहिल्यांदा जाहीर मैफलीत वाजवली, आणि १२ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये क्विंटेटची पाळी आली. त्याच वर्षी बर्लिनच्या झिमरॉकने क्वार्टेट छापलं. द्वोर्झाक समुद्रापलीकडे, मुद्रितं तपासणार कोण? ते काम व्हिएन्नात बसून योहानेस ब्राम्सने केलं. आपल्या काळातला सर्वांत मोठा जर्मन संगीतकार मित्रासाठी छपाईच्या चुका शोधत बसला, याचं द्वोर्झाकला फार अप्रूप वाटलं. ते वाटायलाच हवं होतं.

त्यानंतर द्वोर्झाकने प्रागला परतून आणखी दोन क्वार्टेटं पुरी केली. १८९५ चं जी मेजरमधलं क्वार्टेट अधिक खोल आहे असं जाणकार म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. १ मे १९०४ रोजी तो गेला. पण स्पिलव्हिलच्या टेबलावर जे झालं, हात न अडखळता, कुणाला काही सिद्ध करून न दाखवता, तसं त्याच्या चेंबर म्युझिकमध्ये पुन्हा झालं नाही. या क्वार्टेटला कुणी ‘हलकंफुलकं’ म्हटलं की मला राग येतो. दुःखाने खोली येते आणि आनंदाने उथळपणा, हा समज आपण सगळे नकळत बाळगतो. लेंटोची ती लय एकदा सेसिलियाच्या शेजारी बसून ऐकलीत तर तो टिकणार नाही.

ते दुमजली घर आजही उभं आहे. खालच्या मजल्यावर बीली आडनावाच्या भावांनी कोरलेली लाकडी घड्याळं आहेत, वरच्या मजल्यावर द्वोर्झाकच्या त्या उन्हाळ्याच्या आठवणी जपून ठेवल्यात. आयोवाला जाणं सगळ्यांना जमणार नाही, पण रचना हाताशी आहे. पावेल हास क्वार्टेटचं २०१० चं ध्वनिमुद्रण मिळवा, त्यात जी मेजरमधलं क्वार्टेटही आहे. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या व्हायोलिनकडे जाणारा कान ओढून घ्या आणि पंचवीस मिनिटं फक्त व्हिओलाच्या मागे राहा. पहिले दोन बार तो गप्प असतो, तिसऱ्याला तयार राहा.